उंबरदांडची शून्य टक्के गळती

वीज ही आधुनिक संस्कृतीची रक्तवाहिनी असून, ती अखेरच्या उंबरठ्यापर्यंत पोचवणे हा व्यवसाय नसून व्रत आहे.

सह्यदीप वीज वितरण कंपनीच्या वडगाव मावळ उपविभागाचा वार्षिक आढावा या वाक्याने सुरू होतो. हे वाक्य तीनदा टाइप करावं लागलं. पहिल्या वेळी 'रक्तवाहिनी'पर्यंत आल्यावर दिवे गेले. दुसऱ्या वेळी 'अखेरच्या'पर्यंत मजल गेली. इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांपूर्वी वारली होती आणि नव्या बॅटरीचा प्रस्ताव वर गेलेला होता. वर गेलेल्या प्रस्तावांबद्दल त्या कार्यालयात, वर गेलेल्या माणसांबद्दल बोलावं तसंच हळू आवाजात बोलत. तिसऱ्या वेळी लेखा सहायक सविता म्हाळसकर यांनी श्वास रोखून व्रतापर्यंत टाइप केलं, फाइल जतन केली, आणि मगच श्वास सोडला.

वाक्यानंतर तक्ता होता. तक्त्यात तीन रकाने: मागील वर्ष, चालू वर्ष, फरक. कंपनीचा सगळा जीव या तिसऱ्या रकान्यात होता. एखाद्या लाइनवर किती अंधार आहे हे कोणी विचारत नसे. मागच्या वर्षीपेक्षा जास्त आहे की कमी, एवढंच विचारत.

"सर, उंबरदांडचा आकडा येत नाहीये," सविताबाई म्हणाल्या.

उपअभियंता महिपती काळोखे टेबलावर पेपर पसरून करवंदं निवडत बसले होते. ते परंदवडीचे. जुलैअखेर निवृत्त व्हायचे होते, आणि तोपर्यंत कुठलाच आकडा अंगावर येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. न येणाऱ्या आकड्याचं त्यांना प्रथमदर्शनी बरंच वाटलं.

"येत नाही म्हणजे?"

"गळतीच्या चौकटीत कॉम्प्युटर चूक दाखवतोय. शून्यानं भागता येत नाही म्हणतो."

गळती म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. काळोख्यांनाही ते दर मार्चला नव्याने सांगावं लागे. गवळी घरून दहा लिटर दूध घेऊन निघाला आणि गिऱ्हाइकांच्या पातेल्यात सातच लिटर पडलं, तर तीन लिटर वाटेत गेलं. ही तीस टक्के गळती. विजेचंही तसंच. लाइनीत किती सोडली आणि बिलात किती आली, यातला फरक. ती वाटेत कुठे जाते हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कागदावर कोणालाच माहीत नसतं.

उंबरदांड ही टाकवे बुद्रुकच्या वरच्या अंगाला, डोंगरात असलेली बावीस उंबऱ्यांची ठाकरवाडी. तिच्यासाठी स्वतंत्र डीपी, म्हणजे कागदोपत्री ज्याला रोहित्र म्हणतात ते, आणि डीपीवर स्वतःचा मीटर. मागील वर्षी वाडीला पंधरा हजार युनिट दिली, बिलात साडेदहा हजार आली. गळती तीस टक्के. अत्यंत प्रतिष्ठित, चारचौघांसारखी गळती.

"आणि यंदा?"

"यंदा बिलात दहा हजार पाचशे साठ. म्हणजे विक्री साठ युनिटांनी वाढली."

"वा!"

"वसुली शंभर टक्के."

"वा वा!"

"आणि दिलेली वीज शून्य."

काळोख्यांनी करवंद तोंडात टाकायचं थांबवलं. "म्हणजे गवळी रिकामी किटली घेऊन निघाला..."

"...आणि साडेदहा हजार लिटर दूध घालून आला."



"वाडीवर सोलर बसलंय का? तेच आपल्याला वीज देत असतील," काळोखे म्हणाले.

"मग बिल त्यांनी आपल्याला पाठवायला हवं, सर."

"पाठवलंय का?" काळोख्यांनी घाबरून आवकच्या ट्रेकडे पाहिलं.

शेवटी सविताबाईंनी विभाग कार्यालयात फोन लावला. तिथे हौशीराम नावाचे गृहस्थ सगळ्या उपविभागांचे आकडे एकत्र करत.

"चूक चालत नाही मॅडम," हौशीराम म्हणाले. "वरचा कॉम्प्युटर चूक घेत नाही. आकडा टाका."

"कुठला?"

"गळतीचा. गळती किती?"

"अहो, गळायला आधी वीज जावी लागते ना. गेल्याचं दिसतच नाही."

"म्हणजे गळती नाही?"

"तशी नाही..."

"मग शून्य टाका की! एवढ्यासाठी फोन?"

सविताबाईंनी शून्य टाकलं. चौकटीतली चूक नाहीशी झाली. फरकाच्या रकान्यात 'तीस टक्के सुधारणा' असं हिरव्या अक्षरांत उमटलं. त्या तक्त्यात हिरवी अक्षरं याआधी कोणी पाहिली नव्हती.

तरी काळोख्यांच्या मनाला चैन पडेना. त्यांनी मीटर रीडर विक्कीला बोलावून घेतलं. विक्की कंत्राटी होता, पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. मोटारसायकलवरून टाकव्याकडच्या सगळ्या वाड्या त्याच्याकडे होत्या.

"उंबरदांडला कधी गेला होतास?"

"मागच्या एप्रिलला गेलतो की, साहेब."

"मागच्या म्हणजे या महिन्यात?"

"मागच्या वर्षीच्या. मीटरच बंद हायेत तितले. बंद मीटरचा फोटो काळा येतो. काळा फोटो ॲप घेत न्हाई. पाच वेळा काढला, पाचही वेळा 'कृपया उजेडात फोटो काढा' म्हणलं."

"मग बिलं कशी निघतात?"

"ॲपात तीन पर्याय हायेत. रीडिंग मिळालं, मीटर फुटलं, घर कुलूपबंद. मी 'कुलूपबंद' दाबतो. मग ॲप आपलं आपण मागची सरासरी लावतं. उंबऱ्याला महिन्याला चाळीस युनिट."

"अख्खी वाडी वर्षभर कुलूपबंद?"

"साहेब, त्या वाडीत कुलपंच न्हाईत," विक्की म्हणाला. "पर तसा पर्याय ॲपात न्हाई."

काळोख्यांनी याचा विचार करायचं ठरवलं होतं. पण त्याच आठवड्यात विभागाच्याही वर असलेल्या मंडळ कार्यालयाचं पत्र आलं. मंडळातल्या दोनशे चौदा लाइनींमध्ये मागील वर्षाच्या तुलनेत सर्वोत्तम कामगिरी उंबरदांड लाइनीची. गळती शून्य, वसुली शंभर टक्के, देखभाल-दुरुस्तीचा खर्च शून्य. लोणावळ्याच्या हॉटेलात गौरव समारंभ. 'सोबत दोन आदर्श ग्राहक आणावेत. ग्राहक हसतमुख असावेत.'

हसतमुख ग्राहक उपविभागात हाताशी नव्हते. ते आणायला काळोख्यांना नोकरीत पहिल्यांदाच उंबरदांडला जाणं भाग पडलं.

टाकव्याच्या पुढे जीप जिथे थांबली तिथून पाऊण तासाचा चढ. एप्रिलचं ऊन. काळोखे दर दहा पावलांना खांबाला टेकत आणि खांब आपलाच आहे म्हणून त्याच्यावर खूश होत. वर पोचल्यावर पहिलं दृश्य दिसलं ते असं, की दोन खांबांच्या मधल्या तारेवर एक बाई काठीनं लुगडं वाळत घालत होती.

काळोखे जागच्या जागी ओरडले. "अवो बाई! तार जित्ती हाय! सोडा!" घाबरले की ते परंदवडीचं बोलत.

बाईंनी लुगड्याची कड सारखी केली. "मेली ती," त्या म्हणाल्या. "वरीस झालं. तेराव्याला बी कुनी आलं न्हाई."

त्या पुतळाबाई. साठीच्या आतबाहेर. त्यांचे मालक येसू शेजारीच दगडावर बसून बांबूच्या पाटीची कड वळत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "लाइटीचं का?"

"व्हय. म्हणजे हो. मी उपअभियंता काळोखे."

"या. डीपी घिऊन आला?"

"नाही. म्हणजे... बक्षीस घेऊन आलोय."

येसूंनी आता मान वर केली. काळोख्यांच्या मागे पाहिलं. तिथे धापा टाकणारा विक्की होता. डीपी नव्हती.

मग उलगडा झाला, तो येणेप्रमाणे. मागच्या वर्षी शिमग्याला वाडीतल्या बायांच्या गटाला सरकारी योजनेतून पिठाची गिरणी मिळाली. खांद्यावरून, वाजतगाजत वर आणली. पंधरा दिवसांनी, मार्चच्या एकोणतीस तारखेला, डीपी जळाली. गिरणीवर एकदाच दळण पडलं, तेही नारळ फोडून हळदकुंकू वाहायला पायलीभर नाचणी घातली तेवढंच. तेव्हापासून बाया दाण्याची पाटी डोक्यावर घेऊन टाकव्याला उतरतात आणि पिठाची घेऊन चढतात. गिरणी निळ्या प्लास्टिकखाली उभी होती. पुतळाबाईंनी प्लास्टिक वर केलं. दाणे घालायच्या चाड्यात एक कोंबडी बसलेली होती. तिने उपअभियंत्यांकडे, कामाच्या वेळेत आलेल्या अभ्यागताकडे पाहावं तसं पाहिलं.

"योजनेवालं येऊन गेलं," पुतळाबाई म्हणाल्या. "जूनपतूर सुरू न्हाई झाली तर गिरनी उचलून दुसऱ्या गावाला देनार. मला दुसरं काय नको सायब. बक्षीस नको. डीपी तेवढी बशिवा. आता चढ व्हत न्हाई."

"पण तुम्ही अर्ज नाही का केलात?"

"तीन केलं." त्या घरात जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात बिलं होती, पावत्या होत्या, आणि एक पत्र. "ह्ये तुमच्याच हापिसातनं आलंय. वाचा. आमास्नी त्यातलं उमगलं न्हाई."

काळोख्यांनी मोठ्याने वाचलं: "'सदर वाडीतील विजेच्या वापरात मागील वर्षाच्या तुलनेत वाढ झाल्याचे दिसून येत नसल्याने नवीन रोहित्राच्या मागणीचे समर्थन होत नाही.'" ते थांबले. पुन्हा वाचलं. "म्हणजे डीपी नसल्यामुळे वापर वाढला नाही, आणि वापर वाढला नाही म्हणून डीपी नाही."

"असं हाय व्हय," येसू म्हणाले. "कुनी लिवलं?"

काळोख्यांनी खालची सही पाहिली. तिच्यातल्या 'म'ची शेपूट ते गेली पस्तीस वर्षं त्याच ऐटीत काढत आले होते.

"कार्यालयानं," ते म्हणाले.

विक्कीने मान लांब करून सही पाहिली आणि शहाण्या माणसासारखा डोंगराकडे बघू लागला.

"पण मला एक कळत नाही येसूभाऊ," विषय बदलायला काळोखे म्हणाले, आणि त्यांना ते खरोखरच कळत नव्हतं, "वीज नाही, तर तुम्ही वर्षभर बिलं का भरलीत?"

येसूंना हा प्रश्न फार बाळबोध वाटला असावा. त्यांनी पाटी बाजूला ठेवली.

"टाकव्याच्या न्हाव्याला आमी दर सुगीला घरटी दोन पायली भात देतो. आमच्या आज्यापास्नं. आता माजं डोस्कं बगा." त्यांनी टोपी काढली. डोक्यावर एकही केस नव्हता. "मला गेली धा वर्सं न्हावी लागला न्हाई. म्हनून काय त्याचा भात बंद करायचा? उद्या घरात काय कमीजास्त झालं तर त्याला बोलवायचं कुन्या तोंडानं? डोकी मोजून बलुतं देत न्हाईत, सायब. नातं ऱ्हावं म्हनून देत्यात. लाइटीचं बी तसंच धरलं. तुमी देत न्हाई, पर तुमी हायसा. आमी भरलं न्हाई तर तुमी बी येनार न्हाई."

"आन भरलं तरी न्हाई आलं," पुतळाबाई म्हणाल्या.

"आलं की आज," येसू म्हणाले.

काळोख्यांनी आयुष्यात महसुलावरची अनेक व्याख्यानं ऐकली होती. त्यांतल्या कुठल्याही वक्त्याने त्यांना एवढं गोंधळात टाकलं नव्हतं. ते डीपीखाली जाऊन उभे राहिले. डीपीवर घेवड्याचा वाळलेला वेल चढलेला होता. शेंगा बियाण्याला राखलेल्या होत्या. एका परीने डीपी कामाला आली होती.

परत येऊन त्यांनी विक्कीच्या पाठीवर कागद ठेवून तिथल्या तिथे नवा प्रस्ताव लिहिला. "हे मी लोणावळ्याला मोठ्या साहेबांच्या हातात देतो. समारंभात. सगळ्यांसमोर ते नाही म्हणणार नाहीत. तुम्ही दोघं यायचं, आणि मावशी, तुम्ही तुमच्या तोंडानं मागायची."

"हसायचं बी हाय म्हनं?" पुतळाबाईंनी विचारलं. विक्कीने त्यांना पत्रातली अट सांगितली होती.

"थोडं."

"डीपी दिल्यावं का आदी?"

लोणावळ्याचं ते हॉटेल इतकं थंड ठेवलेलं होतं, की पुतळाबाईंनी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि "हितं गारा पडल्या का?" असं विचारलं. पडद्यावर चित्रं दाखवायची म्हणून खिडक्या जाड पडद्यांनी झाकल्या होत्या. भर दुपारी बाहेरचं ऊन बंद करून आत शंभरभर दिवे लावले होते. प्रत्येक खुर्चीवर चिक्कीचा एकेक पुडा होता. येसूंनी टोपी काढली आणि आपला पुडा न उघडता तिच्याखाली ठेवला.

मंडळाचे अधीक्षक अभियंता, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते स्वभावाने चांगले होते. त्यांचा आवाज चांगला होता आणि तो त्यांना आवडत असे. पडद्यावर एकेक लाइन येत होती. बंगल्यांच्या लाइनीची गळती सतरावरून एकोणीस. बाजारपेठेची बावीसवरून चोवीस. प्रत्येक आकड्याला साहेब सुस्कारा टाकत आणि सभागृह मान खाली घाली. मग पडद्यावर उंबरदांड आलं. तीसवरून शून्य. हिरव्या अक्षरांत.

"मित्रहो," मोठे साहेब म्हणाले, "जे शहरांना जमलं नाही ते डोंगरातल्या बावीस घरांनी करून दाखवलं!"

टाळ्या झाल्या. सन्मानचिन्ह आलं. काचेचा मोठा दिवा, लाकडी बैठकीवर बसवलेला, आणि आत खरोखर उजेड. साहेबांनी तो पुतळाबाईंच्या हातात दिला. पुतळाबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला, तार कुठे आहे ते शोधलं. तार नव्हती.

तेवढ्यात दिवे गेले.

जाड पडद्यांमुळे सभागृहात भर दुपारी मिट्ट काळोख झाला. सव्वाशे वीजतज्ज्ञ एकदम गप्प झाले. कारण दिवे गेल्यावर करायचं काय, याचा अनुभव, वडगावचे सोडले तर, त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता. त्या काळोखात एकच उजेड होता, पुतळाबाईंच्या हातातला. त्यांचा चेहरा, नाकातली नथ आणि शेजारी येसूंचं टक्कल एवढंच जगात उरलं. अर्ध्या मिनिटाने जनरेटर घरघरला, दिवे आले, आणि हे मुद्दाम ठरवलेलं होतं अशा समजुतीने सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या.

"अप्रतिम!" मोठे साहेबही म्हणाले. "आता येसूभाऊ, आम्हाला तुमचं गुपित सांगा. गळती शून्य केलीत कशी?"

माइक येसूंच्या तोंडापुढे आला. येसू त्याच्यापासून जरा मागे सरले.

"आमी काय न्हाई केलं," ते म्हणाले.

"किती हा विनय!"

"विनय न्हाई. लाइटच न्हाई. गेल्या मार्चात डीपी जळाली. तवापास्नं अंदार. मग गळनार काय?"

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्याच्या मागचं कारण निघून गेलं. त्यांनी काळोख्यांकडे पाहिलं. काळोख्यांनी सोबत आलेल्या सविताबाईंकडे पाहिलं. सविताबाईंनी दुसऱ्या रांगेत बसलेल्या हौशीरामांकडे पाहिलं. हौशीराम चिक्की खात होते.

"थांबा, थांबा," साहेब म्हणाले. माइक चालूच होता. "वीज दिली नाही."

"नाही साहेब," काळोखे म्हणाले.

"म्हणजे खरेदीचा खर्च नाही. वायरमन गेला नाही?"

"नाही."

"दुरुस्ती नाही. तक्रार?"

"तीन अर्ज. ते इतर पत्रव्यवहारात धरलेत."

"आणि वसुली?"

"पूर्ण. तारखेच्या आत."

मोठे साहेब पडद्याकडे वळले. ती हिरवी अक्षरं त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं, पण माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं:

"मग आपण इतकी वर्षं वीज देत का होतो?"

 प्रश्न सोपा होता आणि उत्तर प्रत्येकाला माहीत असल्यासारखं वाटत होतं. पण ते जिभेवर घ्यायला गेलं की सटकत होतं. मागच्या रांगेत एकाने बोटांवर हिशेब करून पाहिला, आणि बोटं लपवली.

हीच वेळ, असं काळोख्यांना वाटलं. ते पुढे झाले आणि प्रस्ताव साहेबांच्या हातात दिला. "साहेब, एक डीपी. जुनी, दुरुस्त केलेली चालेल. वाडीत बायांची पिठाची गिरणी आहे, ती जूनमध्ये जाणार आहे. मावशी, बोला."

पुतळाबाई दिवा पोटाशी धरून उभ्या राहिल्या. "सायब, गिरनी हाय, दानं हायेत, बाया हायेत. लाइट तेवढी न्हाई. टाकव्याचा चढ आता माज्यानं व्हत न्हाई. डीपी द्या. म्या हसते बी पायजे तर." आणि त्या हसल्या. शब्द दिला होता म्हणून.

ते हसू साहेबांच्या मनाला लागलं असावं. त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. काळोख्यांनी श्वास रोखला, सविताबाईंनी व्रतासाठी रोखला होता तसा.

"साहेब," हौशीराम मागून म्हणाले. त्यांची चिक्की संपली होती. "डीपी बसवली तर पुढच्या वर्षी त्या लाइनीची गळती पुन्हा तीस दिसेल."

"हो, दिसेल."

"शून्यावरून तीस. टक्केवारीत वाढ किती लिहायची? तीस भागिले शून्य."

"तिथं परत चूक येईल," सविताबाई नाइलाजाने म्हणाल्या. कारण आकड्यांशी खोटं त्यांना बोलता येत नसे.

पेन हवेत थांबलं. मोठे साहेब वाईट नव्हते, हे पुन्हा सांगायला हवं. त्यांना डीपी द्यायची होती. पण मंडळातली एकमेव हिरवी लाइन स्वतःच्या सहीने लाल करायची, आणि तीही अशा लाल रंगात, ज्याचा आकडा कॉम्प्युटरलाही सांगता येत नाही, हे त्यांच्या पेनाला पेलेना. त्यांनी टोपण लावलं, कपाळावरचा घाम पुसला. त्या थंडीत घाम.

"असं करू," ते म्हणाले. "ही लाइन अपवादात्मक आहे. तिचा अभ्यास झाला पाहिजे. मुख्यालयातून समिती येईल डिसेंबरात. तोपर्यंत ती आहे तशी जपा. काळोखे, एका खिळ्यालाही हात लावायचा नाही. समितीनं बघितलं की लगेच डीपी!"

"वा!" असा एक आवाज मागून आला. ज्याचा होता तो त्याने परत घेतला.

येसूंनी बोटांवर महिने मोजले. "डिसेंबर म्हंजी," त्यांनी विचारलं, "जूनच्या आदी का नंतर?"

 काळोख्यांनी साहेबांच्या हातातला प्रस्ताव अलगद काढून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. जुलैअखेर, निवृत्तीच्या दिवशी, तो याच खिशात घेऊन आपण घरी जाणार आहोत की काय, असं त्यांना एकदम वाटून गेलं.

"बाकी काही हवं असेल तर मोकळेपणानं सांगा, मावशी," मोठे साहेब म्हणाले. आवाज थोडा घोगरा होता, पण मनापासून होता. "आजच्या दिवशी तुम्हाला नाही म्हणायचं नाही, असं मी ठरवलंय."

पुतळाबाई खाली बसल्या होत्या. दिवा मांडीवर उलटा धरून त्यांनी बैठकीखालचं झाकण नखानं सरकवलं होतं आणि आत वाकून पाहत होत्या. त्यांनी आतलं एक बोटानं हलवून बघितलं, येसूंना दाखवलं. येसूंनी मान डोलावली.

"सायब," त्या म्हणाल्या, "दिवा तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. ह्यातलं दोन सेल तेवढं काडून द्या. आमच्या घरच्या बॅटरीला ह्येच लागत्यात."